गोटमारीचा विमा

गुणवंताच्या दारात फियाट आली आणि त्याची झोप निम्मी झाली. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. नागपूरच्या एका डॉक्टरानं जपून वापरलेली, सायीच्या रंगाची, पुढच्या काचेवर एक ओरखडा नाही अशी गाडी रास्त भावात मिळाली होती. संत्र्याचा मृग बहार त्या साली असा काही धरला होता, की फांद्यांना टेकू देता देता गड्यांचे हात दुखून आले. बायको यमुना म्हणाली होती, "घ्या आता. नाई तं म्हातारपनी घेसान, अन् चालवाले मानूस शोधत फिरसान." म्हणून घेतली. सन शह्याऐंशीची गोष्ट. पांढुर्ण्यात त्यांच्या गल्लीत तेव्हा एक ट्रक, दोन जीपा आणि बाकी साऱ्या बैलगाड्या होत्या. त्यामुळे फियाट उभी राहिली की गल्लीतल्या शेळ्यासुद्धा वळसा घालून जायच्या, असं गुणवंता सांगायचा. शेळ्या कशाला वळसा घालतात, पण माणूस खुशीत असला की त्याला टोकू नये.

खुशी एका गोष्टीची होती आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. यमुनेला शेजारच्या सीटवर बसवायचं आणि सौसरच्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंच्या संत्र्याच्या बागांमधून, सावकाश न्यायचं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षं ती बैलगाडीत मागं बसली होती, पोरांच्या आणि गाठोड्यांच्या गर्दीत. आता तिनं पुढं बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण गाडी रस्त्यावर काढायच्या आधी विमा हवा. विम्याचे एजंट रघुनाथराव चामड्याची बॅग घेऊन आले, ओसरीवर मांडी घालून बसले आणि चहाची बशी संपवून म्हणाले, "हे पाहा गुणवंताभाऊ. दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा सक्तीचा, तो सोडता येत नाही. त्याच्यावर तुमच्या गाडीचा पूर्ण विमा. चोरी, आग, ठोकर, सगळं त्यात आलं. आता त्याच्यावर जे आहे ते तुमच्या खुशीचं. ज्याचे जास्तीचे पैसे भराल तेच भेटणार."

"खुशीचं काय काय आहे?"

"पूर आला, भूकंप झाला, त्याचा वेगळा. गाडीत बसणाऱ्या माणसांचा वेगळा. अन् दंग्याचा वेगळा."

"म्हंजे दंग्यात कोनं गोटा मारला अन् काच फुटली, तं तुमच्या पूर्ण विम्यात ते नाई येत?"

"नाही येत. दंगा वेगळा भरावा लागतो."

झालं. गोटा हा शब्द कानावर पडला आणि गुणवंता ताठ बसला. पांढुर्ण्याच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते. मधून जाम नदी वाहते. अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडांचा मारा चालतो. पांढुर्ण्यानं झाड तोडून आणायचं, सावरगावानं येऊ द्यायचं नाही. संध्याकाळी झाड देवीच्या देवळात जातं आणि ज्यांनी सकाळपासून एकमेकांची डोकी फोडली, ते एकमेकांना घरी चहाला बोलावतात. बाहेरच्याला हे वेड वाटतं. वाटू दे. गावाला त्याची लाज नाही.

यमुना सावरगावची होती.

ती आतून ऐकत होती. ती दारात येऊन म्हणाली, "बसनाऱ्या मानसायचा घ्या. ह्या गाडीत कोन बसनार आहे? गल्लीतलं बिमार मानूस, बाळंतपनाची पोरगी, माही माय. नागपूर रोडवरचे ट्रक पाहिले ना तुमी कशे पळून राहिले?"

"मी चालवून राहिलो ना," गुणवंता म्हणाला. "माह्या हातानं कोनाले काय होते? मानूस सोताले सांभाळते. काच कशी सांभाळन?"

"मंग दोनी घ्या."

पण पहिल्याच वर्षी जास्तीचं एकच घ्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि गुणवंताचं एकदा ठरलं की नदीतलं पळसाचं झाड उपटेल, तो हलायचा नाही. त्यानं दंग्याचा विमा घेतला. रघुनाथरावांनी शाबासकी दिली. एजंट कशालाही शाबासकी देतात.

रघुनाथराव वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा यमुना बोलली. आवाज चढला नव्हता, म्हणजे प्रकरण अवघड होतं.

"म्हंजे माह्या माहेरचे लोक दंगेखोर."

"मी असं कुठं म्हनलं?"

"गाडी उभी राहनार पांढुर्ण्यात. गोटा येईन तं सावरगावातूनच येईन ना? का आभाळातून येईन? पैशे भरून तुमी माह्या माहेराच्या इरोधात विमा काढला."

"अवं, काचेचा विमा आहे तो."

"काचेचा असो का कायचा असो. मी नाई बसत ह्या गाडीत."

गुणवंता हसला. चार दिवस रुसेल आणि बसेल, असा त्याचा हिशेब होता. पण सावरगावच्या पोरी हिशेबात बसत नाहीत. आठवडा गेला, महिना गेला, यमुना बसली नाही. बाजारात पायी गेली. मोहगावच्या महादेवाला शेजारणींबरोबर जीपमध्ये दाटीवाटीनं गेली. वैशाखात सौसरला तिच्या मावसबहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. गुणवंतानं गाडी धुतली, पुसली, सीटवर धुतलेला पलंगपोस टाकला आणि दार उघडून उभा राहिला. यमुना समोरून नवं लुगडं नेसून निघाली ती थेट बसस्टँडवर गेली. मग हा बिचारा काय करतो? बसच्या मागं मागं फियाट घेऊन सौसरपर्यंत गेला. बस थांबली की हा थांबे, बस सुटली की हा सुटे. सारी धूळ याच्या तोंडात. मांडवात दोघं एकाच वेळी पोचले, तेव्हा नवरीच्या बापानं विचारलं, "काऊन गुणवंताभाऊ, बसगाडीले धक्का द्याले गाडी घेतली का?" अख्खा मांडव हसला. गुणवंताही हसला, पण जेवताना बुंदी त्याच्या पानात तशीच राहिली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. गाडी होती, रस्ता होता, दोन्हीकडच्या बागा होत्या, आणि शेजारची सीट रिकामी होती.

"तो दंग्याचा काढून टाकतो ना मी," एकदा तो म्हणालाही.

"भरले पैशे वापस येत नसतेत," यमुना म्हणाली. "अन् मनातलंही निंगत नसते."

पोळा आला. पोळ्याच्याच दिवशी गुणवंतानं गाडी नदीपासून पार दूर, गावाच्या दुसऱ्या टोकाला कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेऊन ठेवली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. दंग्याचा विमा घेऊनही जीव टांगणीला लागलाच होता. दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला. गोटे मारायचं वय सरलं होतं. आता तो मोठ्या माणसांमध्ये उभं राहून कोणाचा नेम कसा चुकला ते सांगायचा.

दुपार कलायच्या सुमारास शेजारचे भैय्याजी पडले. घोट्यावर गोटा बसला होता. पाय असा काही वळला होता की पाहणाऱ्यानं मान फिरवावी. लोकांनी उचलून त्यांना नदीकाठच्या गल्लीत एका ओट्यावर ठेवलं. दवाखान्याची गाडी आधीच्या जखमीला घेऊन गेलेली. गल्लीतला ट्रक आणि दोन्ही जीपा बाहेरगावी. भैय्याजी घामानं थबथबलेले, आणि जमलेल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडं पाहिलं.

गुणवंता पळतच जिनिंगवर गेला. ताडपत्री सोडायला वेळ नव्हता, दोर कापला आणि गाडी गल्लीत आणली. स्टिअरिंगपाशी बसूनच त्यानं मागचं दार उघडलं. चौघांनी भैय्याजींना आत ठेवलं. आणि घरांच्या कौलांवरून एक गोटा भिरभिरत आला आणि पुढच्या काचेवर बसला. काच एकदम पांढरी झाली आणि चुरा होऊन त्याच्या मांडीत पडली.

त्यानं चुरा झटकला, पुढं बघितलं आणि गाडी हाकली. भैय्याजींचा पाय वाचला. हे एक काम त्या गाडीनं चांगलं केलं आणि गुणवंतानंही.

संध्याकाळी दार माणसांनी भरलं. कशी फुटली, कुठं फुटली, नवी नागपूरला मिळेल का, होती तशीच मिळेल का. बाया, बापे, जो तो त्या रिकाम्या चौकटीत डोकं घालून पाही आणि चुकचुके. गुणवंता न कंटाळता सगळ्यांना गोट्याचा रस्ता दाखवत होता. यमुना आतच होती. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. माहेरच्या गोट्याचं काय विचारणार?

सकाळी तिचा भाऊ मोतीराम सावरगावहून आला. डोक्याला पट्टी, हातात कोथिंबिरीची जुडी. रिकाम्या हातानं बहिणीच्या घरी कसं यायचं, म्हणून वाटेत मळ्यातून उपटली असावी. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, "भाऊजी, तो गोटा माह्याच हातचा होता."

"तुले काय मालूम? हजार गोटे उडून राहिले होते."

"गोफनीतला होता. गल्लीपर्यंत टाकनारा आमच्या सावरगावात दुसरा कोन आहे?" एवढं बोलला आणि आपण फुशारकी मारतोय हे लक्षात येऊन मोतीरामनं मान खाली घातली. "काच मी आनून देतो नागपूरहून. मांडीवर घेऊन आनतो."

"काही आनायचं नाही," मागून रघुनाथराव आले. काच फुटल्याची बातमी ऐकून त्यांना लग्नाला निघाल्यासारखा आनंद झाला होता. "याच्यासाठीच तर दंग्याचा विमा घेतला. गुणवंताभाऊ, काय दूरची नजर तुमची. चला ठाण्यात. पोलिसांचा कागद लागतो फक्त. दंगा झाला, अमक्यांनी दगडफेक केली, एवढं लिहून द्यायचं. काच कंपनी देईल."

पांढुर्णा मध्य प्रदेशात, त्यामुळे ठाण्यातला हवालदार रीवाकडचा होता, नुकताच बदलून आलेला. त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "हाँ, बोलो. दंगा कहाँ हुआ?"

"नदीवर," रघुनाथराव म्हणाले.

"किसने किया?"

रघुनाथरावांनी गुणवंताकडं पाहिलं. फिर्याद गाडीवाल्याची, सांगायचं गाडीवाल्यानं.

गुणवंता बाकावर टेकला. विमा घेताना एवढं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. गोटमारीच्या गोट्याची फिर्याद त्याच्या बापानं दिली नव्हती, आज्यानं दिली नव्हती. आज्याचा तर एक डोळा गेला होता त्या नदीवर, आणि ज्याच्या हातानं गेला त्याच्याच घरी म्हातारा दिवाळीला फराळाला जायचा. डोकं फुटलं तर हळद भरायची, पाय मोडला तर मोडला, पण ठाण्यात जाऊन सावरगावच्या माणसाचं नाव सांगायचं? दोन्ही गावांत कोणी तोंडाकडं पाहिलं नसतं. हे सगळं त्याला जन्मापासून माहीत होतं, आणि तरी त्यानं ओसरीवर बसून पैसे मोजले होते, ज्याचा दावा पांढुर्ण्याचा माणूस कधी करूच शकत नाही त्याच विम्याचे. यमुनेनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याला ठाण्यातल्या बाकावर बसून कळलं.

"नाम बताओ भाई. कौन लोग थे?"

"घरचेच लोक होते साहेब," गुणवंता म्हणाला. "झगडा नहीं था. देवी की पूजा थी."

"पूजा में काँच फूटा?"

"हौ साहेब. फूट जाता है."

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि रघुनाथरावांकडं अशा नजरेनं पाहिलं की, हा माणूस तुम्ही आणलात कशाला.

घरी येईपर्यंत रघुनाथराव एकटेच बोलत होते. अंगणात पाय ठेवताच त्यांनी यमुनेपुढं गाऱ्हाणं मांडलं. "वहिनी, यांना सांगा काही. एक शब्द लिहायचा होता. एक. हातातली काच घालवली यांनी. पूजा होती म्हणे. मग पैसे भरले कशाला?"

यमुना धुणं वाळत घालत होती, मोतीराम ओसरीवर बसला होता. तिनं हातातलं लुगडं पिळायचं थांबवलं. "काय म्हनले हे ठान्यात?"

"घरचेच लोक होते, म्हणाले."

तिनं लुगडं दोरीवर टाकलं, हात पुसले आणि आत गेली. बाहेर आली ती केस विंचरून, चांगलं पातळ नेसून. कोणाकडं न बघता फियाटपाशी गेली, पुढचं दार उघडलं, सीटवर राहिलेला काचेचा चुरा पदरानं झटकला आणि बसली.

"चाला," ती म्हणाली.

गुणवंतानं खुंटीवरची चावी घेतली. "कुठं?"

"सावरगावले. दादाही जाईन मागं बसून. पायी कायले धाडता त्याले?"

सौसरचा रस्ता नव्हता, बागा नव्हत्या. पांढुर्ण्याची बाजारपेठ, शेणाची गल्ली, मग नदीचा पूल. खाली पात्रात कालचे गोटे पसरलेले. पुढं काच नाही म्हणून वारा सरळ तोंडावर येत होता आणि यमुनेचा पदर मागं मोतीरामच्या तोंडावर फडफडत होता. मोतीराम तो बाजूला सारत होता. गुणवंताला पूल कधी संपूच नये असं वाटलं. तो लहान पोरासारखा सुखात होता.

सावरगावच्या अंगणात गाडी थांबली तशी आळी गोळा झाली. मोतीरामच्या गोट्याची कीर्ती आधीच पोचली होती. पोरं चौकटीतून हात घालून स्टिअरिंगला शिवू लागली. इतक्यात घरातून यमुनेची आई, अंबाबाई, भिंत चाचपत आली. दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, तिला उजेड आणि सावली एवढंच कळे.

"ही काय गाडी जावईबापूची?"

"हौ माय," यमुना म्हणाली. "काच फुटली तिची. दादाच्या गोट्यानं."

म्हातारीनं बॉनेटवरून हात फिरवला. पत्रा उन्हानं तापला होता. हात वर सरकत चौकटीपर्यंत आला आणि काच असायला हवी तिथं काहीच लागलं नाही. हात आत गेला. स्टिअरिंगपाशी गुणवंता बसला होता. तिची बोटं त्याच्या गालाला लागली आणि तिथंच थांबली.

"बापू," ती म्हणाली, "अन् तुमी इथंच बसले होते का?"

"हौ मामी."

"मंग तुमाले तं नाई ना लागलं?"

गुणवंताला कालपासून अख्ख्या गावानं विचारलं होतं, काच कशी फुटली, कितीची येईल, विमा आहे का. हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. तोपर्यंत म्हातारीची बोटं कानशिलावर गेली, कानाच्या वर केसांत शिरली आणि तिथं वाळलेल्या रक्ताची खपली त्यांना सापडली.

"हे काय होय?" अंबाबाई म्हणाली. "चार बोटं पुढं लागलं असतं तं डोळाच गेला असता. पाहा ना वं यमुने, कोनीच नाई पाहिलं का?"

मोतीराम खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. यमुनेनं शेजारच्या सीटवरून वळून पाहिलं आणि पाहतच राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की गुणवंताला आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटलं.

"काई नाई होय ते," तो म्हणाला. "चुरा उडाला असन."

अंबाबाईनं हळद आणायला लावली, आपल्या हातानं भरली आणि मगच दोघांना चहा मिळाला.

परत येताना पुलावर यमुना म्हणाली, "मी तं कालपासून ताट वाढून राहिली. समोर बसून जेवले तुमी. मले नाई दिसलं."

"मलेच कुठं दिसलं," गुणवंता म्हणाला.

त्यानं गाडी घराकडं वळवली नाही, रघुनाथरावांच्या दारात नेली. रघुनाथराव बनियनवर बाहेर आले. सकाळचा राग अजून नाकावर होता.

"लिहून देता का ठाण्यात? अजून वेळ गेली नाही."

"नाई. काच मोतीराम आनून राहिला. रघुनाथराव, ते दंग्याचं पुढच्या सालापासून नका धरू. बसनाऱ्या मानसायचा आज जोडून भेटते का?"

"भेटतो. किती जणांचा धरू?"

गुणवंतानं मागच्या सीटकडं पाहिलं आणि बोटं मोजायला लागला. भैय्याजी, माय, कोणाची बाळंतीण.

यमुना गाडीतूनच म्हणाली, "आधी चालवनाऱ्याचा धरा भाऊ. बाकीचे मंग मोजू."